दोन बोटं खाली

शिर्डीजवळच्या आमच्या पेरूच्या बागेत राघूंचा उच्छाद वाढला म्हणून मी छर्‍याची बंदूक घेतली. राघू मारायचे नव्हते. झाडाला टांगलेल्या तेलाच्या डब्यावर छर्रा हाणला की आवाजानं सगळा थवा उठायचा. पुढं हौसेनं बंदुकीवर दुर्बीणही बसवली. त्या रविवारी सकाळभर पंचवीस पावलांवर पुठ्ठा लावून, दुर्बिणीचे स्क्रू थोडे थोडे फिरवत मी छर्रा बरोबर दुर्बिणीतल्या फुलीवर आणला. आणि मग बायकोपुढं, भागिरथीपुढं, ज्ञान पाजळलं.

"दुर्बीण वर, नळी दोन बोटं खाली. छर्रा खालनं चढत जातो नि पंचवीस पावलांवर फुलीला गाठतो. लई जवळ मारलं तर खालीच लागनार."

"मंजी लांबचं लागतं आन् जवळचं हुकतं," ती हसली. "तुमच्यासारखंच हाय."

ती खंड्याला भाकरी मोडून घालत होती. आम्हाला मूलबाळ नाही. चार वर्षांपूर्वी कालव्याकाठी सापडलेलं हे कुत्र्याचं पिल्लू तिनं कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून जगवलं होतं.

दुपारी खंड्या विहिरीपाशी भुंकायला लागला. बंदूक घेऊन धावलो. त्याच्यापुढं नाग फणा काढून उभा. "नाग, नाग!" ओरडत हाका मारल्या, खंड्या हटेना. मी त्याच्या मागं, चार पावलांवर. दुर्बिणीत सगळं धूसर दिसत होतं, पण खंड्याच्या मानेवरून फणा कळत होता. फुली फण्यावर ठेवली. माझ्या नजरेची वाट मोकळी होती, नळीची नव्हती. सकाळी बायकोला शिकवलेलं मला दुपारी आठवलं नाही. मी चाप ओढला.

खंड्या केकाटून कोसळला. नाग दगडांत शिरला. मागचे पाय ओढत खंड्या माझ्याकडंच सरकत आला. त्याला वाटलं असेल, नागच चावला. माझ्या पावलावर तोंड टेकून तो धापा टाकत राहिला आणि थोड्या वेळानं त्याही थांबल्या.

भागिरथी धावत आली. "चावला का?"

"व्हय," मी म्हणालो. इतका नीच मी आयुष्यात कधी झालो नव्हतो.

पुरण्याआधी तिनं त्याला अंघोळ घातली. शेजारच्या छबूबाई मदतीला आल्या होत्या. अंग पुसताना भागिरथीची बोटं मानेच्या केसांत एका जागी थांबली. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी जमिनीकडं.

"कुठं डसला गं?" छबूबाईंनी विचारलं.

भागिरथीनं त्या जागेवर तळहात ठेवला. "पायाला. ह्यांनी लई धडपड केली. न्हाई वाचला."

छबूबाई गेल्यावर मी तिच्यासमोर बसलो. सांगून टाकायचं ठरवलं होतं.

"भागिरथी, मी..."

"नगा बोलू," ती म्हणाली. तळहात अजून तिथंच होता. "तुमच्या तोंडून आयकलं, तर मला ह्या घरात ऱ्हाता यायचं न्हाई."