सर्वांत प्रसन्न वॉर्ड

रिकामा कागद दिसला की माझं डोकं फिरतं. पुरुषांचा मेडिकल वॉर्ड, तीस खाटा, आणि प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी टांगलेला एक तक्ता. ताप, नाडी, रक्तदाब, लघवी, सगळं वेळच्या वेळी भरलेलं हवं. सव्वीस वर्षं मी हेच करत आलेय, त्यातली अकरा इन्चार्ज सिस्टर म्हणून. घरी नवरा ताटावर बसला की माझ्या तोंडून निघून जातं, "पोट साफ झालं का?" समोर पाहुणे असले तरी. तो बिचारा "झालं, सिस्टर" म्हणून मोकळा होतो.

तेव्हा त्या दुपारी जे घडलं त्यात माझा दोष असला, तरी तो सवयीचा दोष आहे हे आधीच सांगून ठेवते.

हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांना कुठूनतरी कळलं होतं की आपले कर्मचारी थकलेत. हे त्यांना जिन्यावर आम्हाला भेटून कळलं नाही, एका अहवालात वाचून कळलं. मग त्यांनी एक स्वास्थ्यवाल्या मॅडम नेमल्या. मॅडम गोड होत्या, हळू बोलायच्या आणि बोलताना समोरच्याचा हात हातात घ्यायच्या, त्यामुळे त्यांच्यापुढून सटकता यायचं नाही. त्यांनी प्रत्येक वॉर्डाला फॉर्म वाटले. बत्तीस प्रश्न. "सकाळी उठल्यावर तुम्हाला ताजेतवाने वाटते का?" "गेल्या महिन्यात तुम्ही किती वेळा एकांतात रडलात?" असले. चार वाजेपर्यंत परत हवेत म्हणाल्या.

आमचे चार फॉर्म. एक ब्रदरचा, म्हणजे आमच्याकडच्या पुरुष नर्सचा. एक मावशींचा, वॉर्डातली साफसफाई आणि पेशंटची उठबस त्या बघतात. एक माझा. आणि एक वादळचा. वादळ म्हणजे आमची धाकटी सिस्टर. ती खाटांमधून गेली की पडदे हलतात, म्हणून पेशंटनीच तिला ते नाव ठेवलं. शिकाऊ होती तेव्हापासून माझ्या हाताखाली आहे. मी तिला इतकं रागावलेय की दुसरी असती तर पळून गेली असती, आणि तिच्याइतकं काम मी दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही.

त्या दुपारी एकामागून एक तीन नवे पेशंट आले. पावणेचारला पाहते तर चारही फॉर्म टेबलावर कोरेच्या कोरे. माझ्या वॉर्डातून कोरा कागद बाहेर जाणार? मी पेन काढलं आणि दहा मिनिटांत चारही भरून टाकले, हात जसा वळलाय तसे. झोप, उत्तम. भूक, उत्तम. रडणे, नाही. चिडचिड, नाही. कुणाला ताप नसला की आपण अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार लिहितो ना, अगदी तसं.

पंधरा दिवसांनी निकाल लागला. आमचा वॉर्ड अख्ख्या हॉस्पिटलात पहिला आला! सर्वांत प्रसन्न वॉर्ड. खरं सांगते, माझी छाती फुगली. पाहणी कुठलीही असो, माझा वॉर्ड पहिला यायलाच हवा.

निकालाच्या पाठोपाठ दुसरा कागद आला आणि फुगलेली छाती बसली. आम्ही आठ महिने एका जादा सिस्टरसाठी अर्ज करत होतो. मंजूरही झाली होती. ती सर्जिकल वॉर्डाला दिली, कारण त्या लोकांनी फॉर्म खरे भरले होते. रडणे, रोज, असं लिहिलं होतं म्हणे एकीनं. आमच्याबद्दल शेरा होता, "या वॉर्डाला तूर्त गरज दिसत नाही."

ब्रदरनं कागद वाचला आणि पाठ धरून खुर्चीत बसला. मावशी म्हणाल्या, "मला एक सांगा, मी प्रसन्न आहे हे मला कुणी विचारलं होतं का?"

पाळी संपताना वादळनं माझ्या टेबलावर घडी घातलेला कागद ठेवला. राजीनामा. तीस तारखेपासून. कारणाच्या जागी फक्त "वैयक्तिक".

"हे काय नवीन?" मी म्हटलं.

"पुढं पाठवा, सिस्टर."

"वेड लागलंय का तुला? ती जादा सिस्टर आज ना उद्या येईल."

"तुम्हाला बरं वाटतं का इथं यायला?"

"मला बरं वाटायचा काय संबंध?" मी खेकसले. ती पर्स उचलून गेली.

कागद मी पुढे पाठवला नाही. खणात ठेवला. रोज खण उघडायचा, कागद बघायचा, बंद करायचा. ती गेली तर वॉर्डाचं कसं होईल, असं मी सगळ्यांना सांगत होते. खरं तर ती गेली तर माझंच कसं होईल ते मला कळत नव्हतं. आणि तिला घालवणारी मीच, दहा मिनिटांत, स्वतःच्या पेनानं.

सत्कार सव्वीस तारखेला ठेवला, तोही जेवणाच्या सुट्टीत, म्हणजे कामात खंड नको. आमचा वॉर्ड तेवढ्यापुरता कुणी सांभाळावा? त्याच जादा सिस्टरनं. ती येऊन म्हणाली, "किती छान वॉर्ड आहे हो तुमचा!" ब्रदरनं तिच्याकडे असं पाहिलं की मी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं.

सभागृहात सगळ्या वॉर्डांचे लोक उपाशीपोटी बसले होते. मोठ्या साहेबांनी आमच्या हातात ढाल दिली. लाकडी, जड. वादळनं ती पोटाशी धरली. मग स्वास्थ्यवाल्या मॅडम म्हणाल्या, आता या वॉर्डाकडून प्रसन्नतेचं रहस्य ऐकू, पण त्याआधी सगळे डोळे मिटून दीर्घ श्वास घेऊ या. आत घ्या... हळूच सोडा... आत घ्या...

तिसऱ्या श्वासाला घोरणं ऐकू आलं.

वादळ उभ्या उभ्या झोपली होती. ढालीवर हनुवटी टेकलेली, तोंड उघडं. एक जण फिसकन हसला आणि मग सभागृह हसायला लागलं. मोठे साहेब टाळ्या वाजवत म्हणाले, "बघा! याला म्हणतात तणावमुक्त!"

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. भाषण मी लिहून आणलं होतं, "हसतमुख सेवा" वगैरे. ते चुरगळलं. पण भाषण सोडून माणसांबद्दल बोलायची एकच रीत मला येते. पाळी बदलताना आम्ही पुढच्या सिस्टरला एकेका पेशंटची हकीकत सांगतो, त्याला ओव्हर देणं म्हणतात. मी ओव्हर द्यायला सुरुवात केली.

"पहिला पेशंट. ब्रदर, वय चौतीस. दीड वर्ष पाठदुखी. दोन माणसांचं उचलणं एकटा उचलतो. उपचार, पेशंटच्या मलमातलं उरलेलं.

"दुसरा पेशंट. मावशी, वय सत्तावन्न. संध्याकाळी दोन्ही पाय सुजतात. वॉर्डात चार व्हीलचेअर आहेत, पैकी एकीवरही बसलेल्या नाहीत.

"तिसरा पेशंट. वय सव्वीस. एकोणीस दिवस सुट्टी नाही. वजन सहा किलो कमी. जेवण उभ्यानं, तेही अर्धं. झोप तुम्ही आत्ताच पाहिलीत. कपड्यांच्या खोलीत दार लावून रडते आणि तोंड धुऊन बाहेर येते. मला ते ऐकू येतं. मी बाहेर उभी राहून चादरी मोजते. तीस तारखेला डिस्चार्ज मागितलाय, स्वतःच्या जबाबदारीवर."

हसणं थांबलं होतं. मॅडमनी पिशवीतून आमचे फॉर्म काढले. "पण इथं तर..."

"चारही मी भरलेत. अक्षर बघा की! सगळं खोटं आहे."

मॅडमनी चारही कागद शेजारी शेजारी धरले आणि त्यांचा चेहरा पडला. मोठे साहेब घसा खाकरून म्हणाले, "आणि चौथा फॉर्म?"

"चौथा माझा. मी ठीक आहे. नॉर्मल."

"चुकीची नोंद आहे." मागून आवाज आला. वादळ जागी झाली होती. तिनं ढाल मोठ्या साहेबांच्याच हातात दिली आणि पुढं आली. "चौथ्या पेशंटची ओव्हर मी देते.

"वय बावन्न. रक्तदाबाची गोळी विसरतात, मी त्यांच्या चहाच्या बशीत ठेवते. घरचा फोन उचलत नाहीत. मुलीला ताप होता तेव्हाही उचलला नाही, ते मला त्यांच्या मिस्टरांकडून कळलं. बावीस नंबरचे आजोबा गेले त्याला महिना झाला, पण त्या खाटेची चादर अजून स्वतः घालतात, मावशींना हात लावू देत नाहीत. सगळ्यांवर ओरडतात, माझ्यावर जास्त. बरं वाटतं का विचारलं तर म्हणतात, बरं वाटायचा काय संबंध." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी कामाला कंटाळून जात नाहीये. अजून सव्वीस वर्षांनी माझी अशी ओव्हर कुणी देऊ नये, म्हणून जातेय."

मला तिला गप्प करायचं होतं. आजवर मी तिला एका शब्दात गप्प करत आले होते. तो शब्द काही केल्या सापडेना आणि डोळ्यांतून पाणी मात्र आलं, तेही सर्जिकल वॉर्डासमोर!

मोठ्या साहेबांना ढाल कुठं ठेवावी ते कळेना. शेवटी ती खुर्चीवर ठेवून ते म्हणाले, "उपचार काय द्यायचे?"

"जादा सिस्टर," वादळ म्हणाली. "आणि चौथ्या पेशंटला आठ दिवस सक्तीची रजा. वॉर्डात फोन करायचा नाही. आल्या की मी बघेन आणि मग माझ्या कागदाचं काय ते ठरवेन."

जादा सिस्टर त्याच संध्याकाळी आठवड्यातून तीन दिवसांसाठी आमच्याकडे आली. मी रजेवर गेले.

पहिल्या दिवशी मी नवऱ्याचा रक्तदाब पाच वेळा मोजला. दुसऱ्या दिवशी त्यानं यंत्र लपवलं. तिसऱ्या दिवशी मी फोन हातात घेऊन अर्धा तास बसले. मग वॉर्डाऐवजी परगावच्या मुलीला लावला. ती आधी घाबरून "काय झालं?" म्हणाली. काही झालं नाही, तुझा ताप कसा आहे, म्हटलं. "आई, तो दीड महिन्यापूर्वी गेला," ती म्हणाली. मग आम्ही दोघी बराच वेळ बोललो, आणि तिच्या पोटाची मी चौकशीसुद्धा केली नाही. पाचव्या दिवशी नऊपर्यंत झोपले. डोळे उघडले तर नवरा माझी नाडी धरून बसलेला, चुकीच्या जागी.

नवव्या दिवशी वॉर्डात शिरले. वादळनं ओव्हर दिली, तीस खाटांची, एक चूक नाही. बावीस नंबरला एक तरुण मास्तर आला होता आणि त्याची चादर मावशींनी घातली होती. मी बघितलं आणि पुढं गेले. हात लावला नाही.

टेबलापाशी ती माझ्यासमोर उभी राहिली आणि नव्या पेशंटकडे बघावं तसं नीट बघत राहिली. डोळे, मग चेहरा, मग हात. मी आयुष्यात इतकी घाबरले नव्हते.

"झोप?" तिनं विचारलं.

"सात तास."

"रडणे?"

"दोनदा," मी म्हटलं. "एकदा तुझ्यामुळं."

तिनं पाळ्यांची वही माझ्यापुढं सरकवली. "मला आजपासून आठ दिवस रजा लिहा. मी पण फोन उचलणार नाही. आणि नवव्या दिवशी सकाळच्या पाळीला माझं नाव घाला."

मी घातलं. अक्षर जरा हललं, पण वाचता येत होतं.