पर्याय क : गंजून

लातुरात कुणाचंही चुकू शकतं, पण ईश्वरप्पा सरांची उत्तरतालिका चुकत नाही, हे रिक्षावाल्यांनाही ठाऊक होतं. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये सुरू केलेला त्यांचा जीवशास्त्राचा क्लास आता तीन मजली झाला होता. बाकीचे क्लासवाले फ्लेक्सवर पोरांचे फोटो लावत; सर लावत, 'आमची उत्तरतालिका अंतिम'. सरांत आणि बोर्डाच्या पेपरात फरक पडलाच, तर पालक आधी पेपरावर संशय घेत. माणसाला एवढा मान मिळाला की तो थोडा बिघडतोच. सरही बिघडले होते.

सरांना एक खोड होती. प्रत्येक सराव परीक्षेत ते एक पर्याय निव्वळ गंमत म्हणून टाकत. पोरं ताणानं पिवळी पडतात, जरा हसावीत, हा हेतू. जो कुणी तो पर्याय निवडेल त्यानं बाकावर उभं राहायचं आणि सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवायच्या. हेतू चांगलाच होता, पण त्या टाळ्या कशा लागतात ते बाकावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

त्या रविवारी प्रश्न होता, औषधानं कर्करोगाची पेशी कशी मरते? 'अ' म्हणजे सरांचं लाडकं उत्तर, अपॉप्टोसिस : पेशीनं शिस्तीत आवराआवर करून स्वतःला संपवणं. 'क' ला सरांनी लिहिलं, 'गंजून'. लिहिताना स्वतःच इतके हसले की चहा शर्टावर सांडला.

अख्ख्या क्लासात 'क' एकटीनंच निवडला, लोहा गावच्या शिल्पानं. ती बाकावर उभी राहिली. टाळ्या झाल्या. "पोरी, पेशी हाय का पत्र्याची पेटी?" सर म्हणाले आणि वर्ग हसून लोळला. शिल्पा बसली ती मान खाली घालूनच.

दुपारी कहकशांचं व्याख्यान होतं. ती नांदेडची, सरांची जुनी विद्यार्थिनी. डॉक्टर व्हायचं सोडून संशोधनात गेली म्हणून सर तिची ओळख जरा हळू आवाजात करून देत. शाल झाली, नारळ झाला आणि ती बोलायला उभी राहिली.

"कर्करोगाच्या पेशी लई बेरक्या," ती म्हणाली. "मरायचा नेहमीचा रस्ता, म्हणजे अपॉप्टोसिस, त्या बऱ्याचदा बंदच करून टाकतात. मग औषध दिलं तरी मरत न्हाईत. म्हणून आम्ही दुसरे रस्ते शोधून राहिलो. त्यातल्या एका रस्त्यात पेशीतल्या लोखंडामुळं तिच्या आवरणातली चरबी खराब होत जाते, आवरण फाटतं आणि पेशी मरते. त्याला फेरॉप्टोसिस म्हणतात. तसली औषधं अजून प्रयोगशाळेतच हायत, पण आशा हाय."

मागून अनस नावाचा पोरगा उठला. "मॅडम, लोखंडामुळं खराब होते म्हणजे गंजते का?"

"ढोबळमानानं, हाव," कहकशां हसून म्हणाली. सकाळचा पेपर तिनं पाहिला नव्हता.

 मग एकच कल्ला उठला. 'अ' लिहिलेली पोरं, म्हणजे जवळपास सगळीच, आपले मार्क जाणार म्हणून घाबरली आणि शहाणपणानं ओरडू लागली, "सगळ्यांना बोनस! सगळ्यांना बोनस!" एकानं तर बोनस धरून आपला नवा नंबर काढून घरी फोनही लावला.

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. एवढ्या वर्षांची अब्रू, आणि ती घालवायला निघालं होतं त्यांनी स्वतः गमतीनं लिहिलेलं उत्तर.

गडबड कशाची ते कहकशांच्या ध्यानात आलं. सरांवर तिचा जीव होता. ती हळूच म्हणाली, "सर, तंतोतंत गंज न्हाई म्हणता येत त्याला. पुस्तकाप्रमाणं तुमचंच बरोबर हाय. तसं सांगा ना."

सुटायला वाट मिळाली होती. सरांनी माइक ओढला. 'तंतोतंत नाही' एवढं म्हटलं की काम झालं असतं. तेवढ्यात त्यांची नजर शिल्पाकडे गेली. एवढ्या कल्ल्यातही तिनं मान वर केली नव्हती. सरांना लाज वाटली.

"माझी उत्तरतालिका चुकली," ते म्हणाले. माइक किंचाळला, म्हणून पुन्हा एकदा म्हणावं लागलं.

मग त्यांनी शिल्पाला मंचावर बोलावलं. "कुणालाच सुचलं न्हाई ते तुला कसं सुचलं गं?"

सगळे कान टवकारून बसले. कहकशांनं तर पेनही काढला.

"सर," शिल्पा पुटपुटली, "आधीचे चारही 'अ' आले होते. सलग पाचवा 'अ' येत न्हाई. म्हणून 'क' केलं."

सभागृह कोसळायचं तेवढं राहिलं. सगळ्यांत जास्त सर हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आपली चूक निघाली तर काय होईल या धाकात त्यांनी जन्म काढला होता, आणि आता छातीवरचं ओझं उतरल्यासारखं हलकं वाटत होतं.

त्यांनी शिल्पाला मंचावरच्या आपल्या खुर्चीत बसवलं. स्वतः खाली उतरले, पोट आत ओढून पहिल्या बाकात कसेबसे मावले आणि हात वर केला.

"मॅडम," ते कहकशांला म्हणाले, "एक डाउट हाय."