मोरेनाच्या गुणपुस्तिकेतली दोन तिकिटं

मी मोरेनाची गुणपुस्तिका बोलतेय. हिरव्या पुठ्ठ्याची, तळहाताएवढी. पहिल्याच पानावर मोरेनाचा फोटो आहे आणि त्यात तिचे डोळे अर्धे मिटलेत. दुसरा काढून लावायचा कंटाळा केला बयेने, म्हणून सात वर्षं मी त्याच झोपाळू चेहऱ्यानिशी प्रोफेसरांसमोर जात राहिले.

माझा जन्म इटलीतल्या बोलोन्याच्या विद्यापीठातला, कायदा शाखेच्या कचेरीत. आमच्याकडे बहुतेक परीक्षा तोंडी. प्रोफेसर समोर बसवून प्रश्न विचारतात, मग तीसपैकी गुण स्वतःच्या हाताने माझ्यात लिहितात आणि सही ठोकतात. अठराला पास. नापास झाल्याचं माझ्यात कोणी लिहीत नाही, ती ओळ नुसती कोरी राहते. मला विचाराल तर लिहिलेल्यापेक्षा ती कोरी ओळच जास्त बोचते.

आणखी एक रीत आहे. गुण कमी वाटले तर विद्यार्थ्याने ते नाकारायचे आणि पुन्हा परीक्षेला बसायचं. त्या रीतीनेच आमचा घात केला. दिवाणी कायद्याच्या परीक्षेत प्रोफेसर म्हणाले, "एकोणीस देतो. घेणार?"

तोवर माझ्यात अठ्ठाविसाच्या खालचा आकडा नव्हता. मोरेना मान ताठ करून म्हणाली, "नको."

खोटं कशाला बोलू, तेव्हा मीही तिच्या हातात फुशारले होते. त्यानंतर त्याच विषयात ती तीनदा नापास झाली.

मग एका रविवारी मान्तोव्याला, मोरेनाच्या गावच्या घरी सगळे जेवायला बसले होते. भोपळ्याचं सारण भरलेल्या तोर्तेल्लींची बशी फिरत होती, तेवढ्यात मोरेना म्हणाली, "मी शिक्षण सोडतेय. उद्या बोलोन्याला जाऊन अर्ज देते."

आईच्या डोळ्यांना धार लागली. वडील जेवण टाकून उठले. आईचे वडील, लेआर्को आजोबा, चौतीस वर्षं रेल्वेत गार्ड होते. ते शांतपणे पावाने बशी पुसत म्हणाले, "मी येतो सोबत. मला रेल्वेचा पास आहे. घरात बसून तरी काय करू?"

अर्जासोबत मलाही जमा करायचं होतं. माझ्यावर 'रद्द' असा शिक्का बसायचा आणि मी कायमची फायलीत पडायची. माझ्या पानापानात धडकी भरली होती.

सोमवारी सकाळी आम्ही गाडीत बसलो. वाटेत कार्पी स्टेशन आलं तसे आजोबा उठले. "उतर गं जरा. इथला चौक बघून जाऊ. एवढा मोठा चौक तुला कुठे बघायला मिळायचा नाही."

"आजोबा, कचेरी बाराला बंद होते."

"अगं, मागून दहा मिनिटांनी दुसरी आहे."

दहा कुठली, पन्नास मिनिटांनी आली. मग मोदेनाला ते पुन्हा उतरले. तिथल्या देवळाच्या दारात दगडी सिंह आहेत. "लहानपणी मी ह्याच्या पाठीवर बसायचो," म्हणत आजोबा एका सिंहाला थोपटत राहिले, जणू घरचंच जनावर. परत स्टेशनात आलो तर आमच्या गाडीचा शेवटचा डबा तेवढा दिसला.

"चुकली वाटतं," आजोबा म्हणाले.

चौतीस वर्षं ज्या माणसाने गाडी मिनिटभर उशिरा सोडली नाही, त्याच्या एकाच सकाळी दोन गाड्या चुकल्या. पिशवीत हात घालून मोरेना नखाने माझा कोपरा कुरतडत बसली होती.

बोलोन्याला पोचलो तेव्हा साडेबारा वाजले होते आणि कचेरीचं दार बंद होतं.

"झालं. आता उद्या परत या," मोरेना वैतागून म्हणाली.

"उद्या येऊ. आज आलोच आहोत तर मनोरा चढू."

आमच्या बोलोन्यात जोडीने उभे असलेले दोन मनोरे आहेत. त्यातल्या उंच मनोऱ्यावर पदवी मिळायच्या आधी कुठलाही विद्यार्थी चढत नाही. चढला की पदवी कायमची हुकते म्हणतात. हसू नका. देवाला न मानणारी मुलंसुद्धा हे मानतात.

"आजोबा, विद्यार्थी चढत नाहीत."

"ते विद्यार्थ्यांचं. तुझा आता काय संबंध?" आजोबांनी दोन तिकिटं काढली आणि तीन पायऱ्या चढूनही गेले. "चल. चारशे अठ्ठ्याण्णव आहेत."

मोरेनाने पहिल्या पायरीवर पाय ठेवला. मग काढला. पुन्हा ठेवला. मागे माणसं खोळंबली. तिने मला पिशवीतून काढून छातीशी धरलं, तेव्हा तिची धडधड मला लख्ख ऐकू येत होती.

"काय गं, गुडघे दुखतात?"

"नाही."

"मग?"

"मला पदवी पाहिजे, आजोबा." एवढं म्हणून ती रडायला लागली.

आजोबा कठड्याला धरून हळूहळू खाली आले. "बरं झालं बाई. दहाव्या पायरीला माझाच जीव गेला असता." त्यांनी ती दोन तिकिटं माझ्यात, बरोब्बर त्या कोऱ्या ओळीपाशी ठेवली.

पुढच्या जूनमध्ये प्रोफेसर म्हणाले, "अठरा. घेणार?"

"घेते," मोरेना म्हणाली. "आभारी आहे."

इतका आनंद मला अठ्ठाविसांनीही कधी दिला नव्हता.

दोन वर्षांनी पदवी मिळाली. त्याच दुपारी, पदवीधरांना घालतात तो लॉरेलच्या पानांचा मुकुट डोक्यावर ठेवूनच ती मनोरा चढली. आजोबा मला मांडीवर घेऊन खाली बाकावर बसले होते. ती लटपटत्या पायांनी उतरली.

"वरून काय दिसलं?"

"मोदेनाची गाडी दिसली. अगदी वेळेवर सुटली," मोरेना म्हणाली. "तुम्ही नव्हता ना तिच्यात."

आजोबा कितीतरी वेळ टोपी नीट करत राहिले.

आता माझ्यासारख्या पुस्तिका कोणी छापत नाही, गुण म्हणे पडद्यावर दिसतात. माझा पुठ्ठा सुटलाय, सह्या फिकटल्या आहेत. मी मोरेनाच्या वकिली टेबलाच्या खणात असते, दोन्ही तिकिटांसकट. आजोबा आता नाहीत. त्यांचं सांगायचं राहिलेलं मीच सांगते. तुमच्या घरातलं कोणी सगळं सोडून द्यायला निघालं, तर दारात आडवे होऊ नका. सोबत जा. आणि वाटेत एखाददुसरी गाडी चुकवा.