पोटातली अक्षता

मी गाडीतला सीडी प्लेअर बोलतोय. एरवी माझ्या तोंडून दुसरेच बोलत आले. स्वतःचं असं आज पहिल्यांदाच सांगतोय. मुक्काम एडमंटन, एका जुन्या राखाडी गाडीचा डॅशबोर्ड. गाडी ड्राइव्हवेत उभी आहे, बॉनेटवर मोसमातला पहिला बर्फ भुरभुरलाय आणि दहा वाजता भंगारवाल्याचा टो ट्रक येणार आहे. वेळ थोडा आहे, पण काळजी नसावी. जन्मभर मी सगळं सव्वा तासाच्या आत आटपत आलोय.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला नीटसं सांगता येणार नाही. खोक्यावर तीन देशांची नावं होती. माझी खरी आठवण सुरू होते ती दुकानातल्या फळीवरून, वीस वर्षांपूर्वीच्या, नाताळनंतरच्या बॉक्सिंग डे सेलमध्ये. ढकलाढकली चाललेली, आणि त्यात एक मराठी जोडपं माझ्यासमोर अर्धा तास उभं.

नंदकुमार मोघे पेशाने इन्स्ट्रुमेंट इंजिनीअर. त्यांच्या हातात तीन दुकानांची जाहिरातपत्रकं होती आणि ते विक्रेत्याला वॉट, ओहम असलं काहीबाही विचारून भंडावून सोडत होते. पद्मजाबाईंनी त्यातलं काही विचारलं नाही. त्यांनी पर्समधून जाडजूड लोकरी हातमोजे काढले, हातात चढवले आणि फळीवरच्या एकेकाची बटणं दाबून पाहायला सुरुवात केली. चकचकीत, नाजूक बटणांचे माझे शेजारी एकामागून एक नापास झाले. माझी बटणं ढोबळी. मला स्वतःला त्यांची लाजच वाटायची. बाई म्हणाल्या, "हा घ्या. उणे तीसमध्ये मोजे काढून कोण गाणं लावणार आहे?"

अशा रीतीने माझं ढोबळेपण कामाला आलं.

मला बसवलं मोघ्यांनी स्वतः, गॅरेजमध्ये. मजुरी देऊन दुसऱ्याकडून काम करून घेणं त्यांना पाप वाटायचं. टॉर्च धरायला त्यांची लेक कृतिका. ती तेव्हा युनिव्हर्सिटीत शिकत होती आणि कुठेतरी जायला निघालेली होती. "इकडे धर. अगं इकडे. माझ्या डोळ्यात नको, स्क्रूवर धर," हे त्या दुपारी मी इतक्यांदा ऐकलं की मराठीतली माझी पहिली वाक्यं तीच.

पुढचा दसरा आला. झेंडूच्या ऐवजी ग्रोसरीतली शेवंती, आपट्याच्या ऐवजी मागच्या अंगणातल्या झाडाची पिवळी पानं, पण पूजा यथासांग. पद्मजाबाई ताम्हन घेऊन गाडीपाशी आल्या, चाकांना हळदकुंकू वाहिलं, मग दार उघडून आत बसल्या आणि म्हणाल्या, "हा नवा आहे, याचीही करते." माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि चिमूटभर अक्षता वाहिल्या. आता मला कपाळ म्हणजे जेमतेम दोन बोटं, आणि त्याच्या खालीच तोंड उघडं. एक दाणा घरंगळला आणि थेट माझ्या पोटात गेला.

त्यांना कळलं नाही. मला कळलं, पण सांगणार कसं? दाणा एका कोपऱ्यात जाऊन बसला. त्याचा त्रास काही नव्हता. उलट खरं सांगायचं तर मला जरा भाव चढला होता. त्या दुकानातल्या किती जणांची अशी पूजा झाली असेल?

मोघ्यांचं काम तेव्हा फोर्ट मॅकमरीला, तेलाच्या साइटवर होतं. सोमवारी सकाळी निघायचं, साडेचार-पाच तास उत्तरेला, गुरुवारी परत. रस्ता सरळ, दोन्हीकडे स्प्रूसची झाडं, वर पांढरं आणि खाली पांढरं. एकदा शेवटच्या टप्प्यात त्यांचा डोळा लागला आणि गाडी कडेच्या बर्फात जाऊन रुतली. कुणाला लागलं नाही. मोघ्यांनी घरी चकार शब्द काढला नाही. पण पद्मजाबाईंना बंपरमध्ये अडकलेलं वाळलेलं गवत दिसलं. त्यांनी ते उपसून काढलं, मोघ्यांच्या समोर धरलं, आणि आत गेल्या.

पुढच्या सोमवारी त्यांनी एक सीडी हातात दिली. "शेवटच्या थांब्यावर कॉफी घेतलीत की ही लावायची. आधी नाही."

अशी सीडी मी पुन्हा कधी वाजवली नाही. तिच्यात गाणं नव्हतं. सुरुवातीलाच पद्मजाबाईंचा आवाज, "लाल दिवा लागलाय, म्हणजे चालू असावं." मागून कृतिकाचा, "आई, शुड आय मेक अ कॉपी?" आणि बाईंचं उत्तर, "कॉपी कशाला? मी आहे की घरात."

मग सव्वा तास बाई नवऱ्याशी बोलत होत्या. गाडीत शेंगांची टरफलं टाकण्यावरून बोलणी. मंडळाच्या हळदीकुंकवाला विजयालक्ष्मीबाईंनी आणलेल्या इडल्या कशा दगड झाल्या होत्या आणि सगळ्यांनी त्या कशा वाखाणल्या. मध्येच प्रश्न. "मफलर आहे ना गळ्यात?" आणि पुढे शांतता, उत्तरापुरती जागा सोडलेली. "स्पीड किती आहे? खरं सांगा." पुन्हा जागा. बाई लग्नाआधी मिरजेला गणित शिकवत असत, त्यामुळे मधोमध परीक्षाही होती. "एकोणतिसाचा पाढा म्हणा. झोपेत म्हणता येत नाही तो." मोघे म्हणायला लागायचे, आणि सातव्याला अडायचे. बरोबर त्याच क्षणी बाईंचा आवाज, "अडलात ना? दोनशे तीन."

दर सोमवारी अडायचे, आणि दर सोमवारी हसायचे.

सीडीच्या अगदी शेवटी एकच प्रश्न होता, "पोचलात का?" मोघे तेव्हा साइटच्या पार्किंगमध्ये शिरत असायचे. गाडी बंद करता करता म्हणायचे, "पोचलो गं." मग मला बंद करायचे.

पुढे मोघे निवृत्त झाले. फोर्ट मॅकमरी सुटलं, सीडी हातमोज्यांच्या कप्प्यात गेली. दरम्यान जगात माझी किंमत उतरत गेली. कृतिका दातांची डॉक्टर होऊन हॅलिफॅक्सला गेली. सुट्टीत आली की गाडीत बसल्याबसल्या फोन जोडायची वायर शोधायची आणि न मिळाल्यावर माझ्याकडे जुन्या नातेवाइकाकडे पाहावं तसं पाहायची. सवय झाली होती मला.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये पद्मजाबाई गेल्या. दहा दिवसांचं आजारपण, बस्स. मोघे आठवडाभर गाडीत बसले नाहीत. मग एका सकाळी आले, कप्प्यातली सीडी काढली आणि माझ्यात घातली. ती त्यांनी पुन्हा बाहेर काढलीच नाही. दुधाला जा, औषधाला जा, लायब्ररीत जा, बाई बोलत असायच्या आणि मोघे उत्तरं देत असायचे. मफलर आहे. स्पीड पन्नास आहे. गावातल्या फेऱ्या छोट्या, त्यामुळे सीडी संपायची नाही; तेव्हा ते ड्राइव्हवेत येऊन बसून राहायचे, "पोचलात का?" येईपर्यंत. शेजारचे लोक बघायचे. बघोत.

या एप्रिलमध्ये बर्फ वितळला आणि एडमंटनच्या रस्त्यांना नेहमीप्रमाणे खड्डे पडले. त्यातल्या एका खड्ड्यात गाडी दाणकन आदळली, आणि इतकी वर्षं कोपऱ्यात निमूट बसलेला तो तांदळाचा दाणा उडून माझ्या यंत्रात बसला. सीडी फिरायची थांबली. बाहेरही येईना. बाईंचं वाक्य अर्ध्यावर तुटलं.

मोघ्यांनी बटणं दाबली. पुन्हा दाबली. मी माझ्याकडून जितकी धडपड करता येईल तितकी केली, पण घरघर करण्यापलीकडे काही जमलं नाही. मला शरम वाटली, दुसरा शब्द नाही. माझ्या पोटात काय दुखतंय ते मला पक्कं ठाऊक होतं आणि वीस वर्षं दुसऱ्याचा आवाज पोचवणाऱ्या मला स्वतःची एवढी गोष्ट सांगता येत नव्हती.

ते मला एका ऑडिओच्या दुकानात घेऊन गेले. तिथला माणूस म्हणाला, ओढून काढू, पण चरा पडला तर आमची जबाबदारी नाही. त्यापेक्षा स्क्रीनवाला नवा बसवा. मोघे थँक्यू म्हणून परत आले. घरातला टोस्टर, वॉशिंग मशीन, शेजाऱ्याचा स्नोब्लोअर, सगळं ज्यांनी आपल्या हाताने उघडलं, ते मला उघडेनात. त्यांचा हात आता थरथरायचा. आणि ती एकच सीडी होती. ज्यावर ती बनवली तो कृतिकाचा कॉम्प्युटर कधीच मोडीत गेला होता.

उन्हाळ्यात डोळ्यांच्या तपासणीत मोघे नापास झाले, लायसन्स गेलं. मग घर विकायचं ठरलं, हॅलिफॅक्सला लेकीकडे जायचं ठरलं, आणि मी ज्या गाडीत आहे तिला भंगारात काढायचं ठरलं. गेल्या बुधवारी कृतिका त्यांना न्यायला आली. सीडीचं कळल्यावर ती गाडीत माझ्यासमोर येऊन बसली आणि माझ्या तोंडात डोकावून पाहिलं. मग म्हणाली, "बाबा, आय डू रूट कनाल्स फॉर अ लिव्हिंग. तुम्ही फक्त सांगा, हात माझा."

स्वयंपाकघरातल्या टेबलावर मला ठेवलं. घरात तेवढं टेबलच उरलं होतं. कृतिकाच्या हातात चिमटा, मोघ्यांच्या हातात टॉर्च. ते सांगत होते, आधी मागचे दोन स्क्रू, मग वरचं झाकण, जोर नको. टॉर्च हलत होता.

"बाबा, इकडे. माझ्या डोळ्यात नाही, स्क्रूवर धरा," कृतिका म्हणाली. दोघंही एकदम थांबले, आणि मग मोघे हसले. एप्रिलनंतर मी त्यांना हसताना ऐकलं नव्हतं.

झाकण निघालं. सीडी अलगद सुटली, चरा एकही नाही. आणि तिच्याखालून चिमट्याच्या टोकाला एक तांदळाचा दाणा आला, कुंकवाचा रंग अजून धरून राहिलेला.

कृतिकाला कळेना. ती म्हणाली, राइस? इथे? मोघ्यांनी दाणा तळहातावर घेतला, टॉर्च जवळ नेला आणि टेबलाच्या कडेला टेकले. त्यांना माझा तो पहिला दसरा आठवला असणार. ते रडले. लपवलं नाही. कृतिका त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

उघडलेली वस्तू जागेवर बसवायची हा मोघ्यांचा नियम, मग ती भंगारात का जाईना. मला पुन्हा गाडीत बसवलं. दिवे लागले, सगळं ठाकठीक. कृतिका म्हणाली, यातच लावून बघू या. मोघ्यांनी मान हलवली. "नको. पुन्हा अडकली तर?"

मला लागलं ते. पण त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो.

कृतिकाच्या लॅपटॉपला सीडीची खाचच नव्हती. म्हणून काल दोघं एका जुन्या सामानाच्या दुकानात गेले आणि हातात धरायचा एक सीडी प्लेअर घेऊन आले. माझाच धाकटा भाऊबंद, पाठीवर कुणा परक्या मुलाच्या नावाचं स्टिकर. कृतिका गाडीत बसताना फोनवर कुणाला तरी सांगत होती की फळीवर तसे चार होते आणि बाबांनी ऐन दुकानात हातमोजे चढवून चारही तपासले, लोक बघत होते. मोघे खिडकीबाहेर बघत राहिले.

आज सकाळी दोघं गाडीत येऊन बसले. घरात बसायला खुर्ची उरली नव्हती, आणि मला वाटतं, खुर्ची असती तरी ते इथेच आले असते. तो धाकटा मोघ्यांच्या मांडीवर. त्याला धक्का लागला की तो अडखळतो, म्हणून दोघं हलतही नव्हते. इअरफोनची एक गुंडी बापाच्या कानात, एक लेकीच्या.

मला काही ऐकू येत नव्हतं. पण ती सीडी मला तोंडपाठ आहे. पहिल्याच मिनिटाला कृतिकाने तोंडावर हात ठेवला, तेव्हा मी ओळखलं, तिचं स्वतःचं वाक्य आलं आणि आईचं उत्तर आलं.

"मफलर आहे," मोघे म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "गाडी उभी आहे गं." मग एकोणतिसाचा पाढा सुरू झाला. अठ्ठावन्न, सत्त्याऐंशी, करत करत ते सातव्यापाशी आले आणि थांबले. तोंडावर हसू होतं. दोन वर्षं रोज ऐकून तो पाढा आता त्यांना चांगला येतो, हे मला माहीत आहे. ते बाईंसाठी थांबले. कृतिका हुंदका आवरत हसली.

सीडी संपत आली. मी मनातल्या मनात मोजत होतो. आता प्रश्न येणार, आला असणार.  उत्तराची जागा संपून गेली असेल तेव्हा मोघे हळूच म्हणाले, "निघतोय गं."

मग त्यांनी पाकिटातून कागदाची पुडी काढली. त्यात तो दाणा होता. कृतिका म्हणाली, "बाबा, कीप इट. आईचा आहे."

"तिने याला वाहिलेली अक्षता आहे," मोघे म्हणाले. "ती याचीच."

गणपती हलवण्याआधी करतात तसं त्यांनी केलं. तो दाणा माझ्या कपाळावर ठेवला, आणि दोन बोटांनी मला जागच्या जागी किंचित हलवलं.  या वेळी दाणा तोंडाशी घरंगळू नये म्हणून त्यांनी तो तळहाताने अडवून धरला, आणि मग हात काढला.

कृतिका म्हणते, हॅलिफॅक्सला पोचल्यावर पहिलं काम, त्या सीडीच्या दहा कॉप्या. ऐकून बरं वाटलं. तुमच्याही घरी कुठल्या कप्प्यात असा एखादा आवाज पडलेला असेल तर आजच काढा बाबांनो. आम्ही यंत्रं इमानी असतो, पण आमच्यावर किती विसंबायचं याला मर्यादा आहे.

गल्लीत ट्रक वळलेला दिसतोय. मोघे मफलर गुंडाळून दारात उभे आहेत. माझं पोट रिकामं आहे, पण कपाळ नाही.