अर्धी दाढी

"फुगवा गाल."

टपालरावांनी गाल फुगवला आणि फुस्सकन हवा सोडली. वस्तादनं वस्तरा उचलून धरला. ही चेष्टा जुनीच होती. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून हे गृहस्थ रोज नवाच्या बातम्यांना खुर्चीत बसत, आणि नेमका वस्तरा टेकला की हवा सोडत.

"पुरे झाला पोरखेळ. कापेल ना!"

त्यांनी पुन्हा फुगवला. डावा गाल, दाढी होऊन गुळगुळीत झालेला, टम्म झाला. उजवीकडची हवा ओठाच्या कोपऱ्यातून निसटली आणि तिच्यामागून फेसाचा एक थेंब हनुवटीवर आला. टपालराव हसत नव्हते. "अरे वस्...," ते म्हणाले आणि पुढचा शब्द जिभेवरच लोळला. रेडिओवर ठळक बातम्या नुकत्याच संपल्या होत्या.

काहीतरी बिघडलं आहे हे वस्तादला कळलं. खरंच कळलं. पण त्याच्या दुकानाचा एक नियम होता, वडलांनी घालून दिलेला. अर्धी दाढी ठेवून माणसाला खुर्चीवरून उठवायचं नाही. दुकानाला आग लागली तरी नाही. आणि टपालराव म्हणजे घराघरात ओळख असलेला माणूस. त्यांना अर्ध्या तोंडाला फेस लावून रस्त्यातून न्यायचं? वस्तादनं सैल पडलेला गाल बोटांनी ताणला, दाढी पुरी केली, मिशीची कड सारखी केली, तुरटी फिरवली, टॉवेलनं तोंड पुसलं. सहा मिनिटं गेली. मग त्यानं शेजारच्या इस्त्रीवाल्याला हाक मारली आणि दोघांनी मिळून त्यांना गाडीत घातलं.

दवाखान्यातली डॉक्टरीण वयानं त्याच्या मुलीएवढी होती.

"किती वाजता सुरू झालं?"

"नऊ वाजून तीन मिनिटांनी."

"इतकं नक्की?"

"माझं दुकान रेडिओवर चालतं, बाई."

"फार चांगलं झालं. वेळ पक्की कळली नाही तर आमचे हात बांधले जातात. लगेच निघालात ना?"

"हो," वस्ताद म्हणाला. "लगेच."

डोक्याचा फोटो निघाला, रक्तस्राव नाही असं ठरलं, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं गेलं. तोवर टपालरावांची बायको येऊन पोचली होती. डॉक्टरीणबाई बाहेरच्या बाकावर त्या दोघांच्या शेजारीच बसल्या आणि सांगू लागल्या. मेंदूकडे जाणारी एक रक्तवाहिनी गुठळीनं बंद झाली. अगदी मधल्या पेशी काही मिनिटांतच गेल्या. त्यांच्याजवळ साठवण नसते, येईल त्या रक्तावर त्या जगतात. आणि मरणारी पेशी गुपचूप मरत नाही. आपल्यातली द्रव्यं बाहेर ओतते, त्यानं शेजारची पेशी नको तेवढी चेतवली जाते, फुगते, तीही जाते. पण त्याच्या कडेकडेनं काही पेशी उपाशीपोटी तग धरून असतात. काम बंद, पण जीव शिल्लक. सगळी धडपड त्यांच्यासाठी.

"म्हणून घाई," त्या म्हणाल्या. "अशा वेळी मिनिटाला वीसेक लाख पेशी जातात."

"बाई गं! आणि असतात किती?" वहिनींनी विचारलं.

"अब्जावधी."

"मग आमच्यांच्या बऱ्याच उरल्या असतील," वहिनी पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "वापरल्या कुठे होत्या त्यांनी!"

डॉक्टरीणबाई हसल्या. वस्तादला हसू आलं नाही. त्यानं मनातल्या मनात सहा वेळा वीस लाख मांडले आणि तो पाणी प्यायला उठला.

टपालराव वाचले. चालू लागले. वस्ताद आठवड्यातून एकदा घरी जाऊन बसे, हवापाण्याचं बोले आणि परत येई. दाढी मात्र वहिनीच करीत; टपालरावांच्या हनुवटीवर कायम दोन-तीन जखमा असत. दुकानात काम करताना वस्तादची नजर सारखी घड्याळाकडे जाई. त्या सहा मिनिटांत काय काय गेलं असेल? कुणाच्या घरांचे नंबर? नातीचं नाव? हवा सोडायची ती चेष्टा?

तीन महिन्यांनी, बातम्या सुरू होताना, दारात काठी वाजली.

"काय... कात्री," टपालराव म्हणाले. वस्ताद हा शब्द काही केल्या त्यांना सापडत नव्हता.

वस्तादनं त्यांना खुर्चीत बसवलं, फेस लावला, डावी बाजू उरकली. मग त्याचा हात थांबला.

"टपालराव, त्या दिवशी मी लगेच निघालो नाही. आधी तुमची दाढी पुरी केली. सहा मिनिटं. आणि डॉक्टरीणबाईंना खोटं सांगितलं."

टपालराव आरशातून त्याच्याकडे बघत राहिले. बोलायला त्यांना वेळ लागे, आणि आता तर फारच लागला.

"माहीत... आहे. मी... खुर्चीतच... होतो... की."

वस्तादनं मान खाली घातली.

"घर... बंद असलं," टपालराव एकेक शब्द उचलून ठेवावा तसे बोलले, "तर पत्र... शेजारी... द्यायचं. शेजारी... पोचवतात. उशिरा. पण... पोचवतात." त्यांनी आपल्या कपाळावर बोट टेकवलं. "इथं... तेच चाललंय."

आणि ते काठी टेकत उठले.

"अहो, बसा! अर्धी राहिलीय!"

पण ते निघालेच. एका गालावर फेस, गळ्याला टॉवेल, उजवा पाय जरा ओढत, थेट कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत. इस्त्रीवाला बघत राहिला. शाळेत जाणाऱ्या दोन मुली फिदीफिदी हसल्या, तेव्हा टपालरावांनी त्यांना ऐटीत सलाम ठोकला. पेटीला हात लावून ते तसेच सावकाश परत आले. वस्ताद वस्तरा हवेत धरून दारात उभा होता. घड्याळाकडे बघायचं त्याला सुचलंच नाही.

"बघ," खुर्चीत टेकत ते धापा टाकत म्हणाले, "काही... होत नाही."

फेस सुकला होता. वस्तादनं ब्रश भिजवून नवा लावला.

"फुगवा गाल."

टपालरावांनी फुगवला. उजवीकडची हवा निसटू लागली, तशी वस्तादनं ओठाच्या त्या कोपऱ्यावर आपला अंगठा हलकेच दाबून धरला. गाल हळूहळू भरत आला. आणि वस्तरा नेमका टेकतोय तोच, अंगठ्याखालून, फुस्स झालं.