पाचव्या सिंफनीतला खोकला

२००६ साली मी चेन्नईजवळच्या सिरुसेरीत सॉफ्टवेअरची नोकरी करत होतो आणि उरलेल्या वेळात स्वतःला पाश्चात्त्य संगीताचा जाणकार समजत होतो. भांडवल एवढंच, की माझ्याकडे बीथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीची एकोणीस ध्वनिमुद्रणं होती. त्यातली निम्मी मलाही वेगळी ओळखता आली नसती, पण तसं कुणी कधी विचारलं नव्हतं.

मैलापूरच्या मराठी मंडळींनी रविवार सकाळसाठी ‘काहीतरी हलकंफुलकं’ मागितलं, तेव्हा मी या सिंफनीचा इतिहास सांगायचं ठरवलं.

“लोक उठून जातील रे शार्दूल,” बायको, तनया, म्हणाली.

“व्हिएन्नात १८०८ साली पहिल्या प्रयोगाला लोक कडाक्याच्या थंडीत चार तास बसले होते.”

“त्यांना बाहेरून सांबाराचा वास येत नव्हता.”

सभागृहात तीसेक माणसं होती. मी आधी जुनी सीडी लावली. “ऐका, महायुद्धात पोळलेला युरोप ऐका!” मग नवी लावली. “आणि आता हा आजचा उतावळा काळ!” माना डोलल्या. मी आणखी रंगात आलो.

तिसऱ्या रांगेतून एक म्हातारे गृहस्थ उठले.

“तंबी, दोन्ही एकच रेकॉर्ड अहे. सनईसारखा तो ओबो एकटा वाजतो तिथे दोन्हींत तोच मनुष्य खोकतो.”

मी दोन्ही ठिकाणं पुन्हा लावली. माणूस खोकला. पुन्हा तसाच खोकला. घरी कॉपी करताना मी एकच सीडी दोनदा उतरवली होती आणि एकीवर भलतंच नाव लिहिलं होतं. सगळ्यात मोठ्यानं तनया हसली.

गृहस्थांचं नाव सेतुमाधवराव. तंजावरचं मराठी घराणं. तीस वर्षं कोडंबाक्कमच्या स्टुडिओंत, सिनेमाच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवलेलं.

“गाणारा उशिरा आला की अम्ही अस्के हेच वाजवायचो,” ते म्हणाले. ‘अस्के’ म्हणजे तंजावरी बोलीत सगळे.

“त्याचं रेकॉर्डिंग आहे?” मी अधाशासारखं विचारलं.

“माइक बंद असायचा. म्हणून तर वाजवू देत.”

मग त्यांनी सीडी पुन्हा लावायला सांगितली आणि डोळे मिटून आपला दुसऱ्या, म्हणजे साथीच्या व्हायोलिनचा भाग गुणगुणले. सुरुवातीचे ते गाजलेले ठोके संपल्यावर पहिला हळू सूर दुसऱ्या व्हायोलिनचाच असतो. एकोणीस ध्वनिमुद्रणं जमवूनही तो मी कधी ऐकला नव्हता. नाश्ता निवत होता, पण कुणी उठलं नाही.

माझं पुढचं भाषण मी गिळून टाकलं आणि त्यांना विचारलं, “मला शिकवाल?”

“वय?”

“तेहतीस.”

“कान?”

“आत्ताच पाहिलात.”

ते पहिल्यांदा हसले. “शनिवारी ये.”

तेव्हापासून दर शनिवारी मी त्यांच्या घरी जाऊ लागलो. माझं वाजवणं शेजाऱ्यांना सोसत नसे. त्यांच्या पत्नी, अंबुजाबाई, मी आलो की खिडक्या लावून घेत. वर्षभरानं सिंफनीतल्या त्यांच्या भागाच्या पहिल्या आठ ओळी मी न अडखळता वाजवल्या.

“बो धरतोस छान,” माझ्या हातातल्या गजाकडे पाहत सेतुमाधवराव म्हणाले, आणि स्वतःचं व्हायोलिन काढून माझ्या शेजारी बसले. “चल, आता दोघं मिळून.”