पीळ

स्टुडिओवाल्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत वहिनीने ड्रायरचं दार आपटून बंद केलं.

“पुन्हा बोला. नीट ऐकू नाही आलं.”

“गाणी छानच आहेत,” तो म्हणाला. “तुमची गिटार, ह्यांचे ड्रम, सगळं झकास. फक्त बाईंचा आवाज... जरा खरखरीत आहे. माझ्याकडे एक मुलगी आहे. मधासारखा गळा. ती गायली, तर लगेच अल्बम काढू.”

काउंटरपाशी चादरी घडी करणाऱ्या नणंदेने मान वर केली नाही. चादरीचे कोपरे जुळवले, तळहाताने दाबले आणि पुढची चादर ओढली.

गळ्याच्या ऑपरेशनआधी अठरा वर्षं ती एका गायकवृंदात पहिल्या रांगेत गात होती. ऑपरेशननंतर तिला खुर्च्या मांडायचं काम मिळालं. तिने तेही दोन महिने केलं. मग घरी आली आणि बोलणंसुद्धा तोडकंमोडकं झालं. भावाच्या लाँड्रीत ती वहिनीला मदत करू लागली, तेव्हा एका दुपारी मशिनच्या घरघरीत, कोणी ऐकत नाही असं समजून, स्वतःचंच काही गुणगुणली. वहिनीने ऐकलं. दुसऱ्या दिवशी कॉलेजातली गिटार पलंगाखालून बाहेर आली. ग्रीसने माखलेले कपडे टाकायला येणारा गॅरेजवाला, ज्याला सगळे बोल्ट म्हणत, बादलीवर ठेका धरून बसला, तो बसलाच.

कपडे वाळेपर्यंत गिऱ्हाइकं ऐकत थांबायची. पुढे कपडे वाळल्यावरही थांबू लागली. एक गृहस्थ तर कालच धुऊन नेलेले शर्ट पुन्हा घेऊन आले. सुट्टीच्या सकाळी आता फुटपाथवर उभं राहायला जागा नसायची. बँडचं नाव बोल्टने ठेवलं होतं. सुंभ जळाला तरी जो जात नाही, तो.

“गाणी वन्संची आहेत,” वहिनी स्टुडिओवाल्याला म्हणाली. “गळाही त्यांचाच राहील. तुमचा मध घरी न्या, इथे मुंग्या होतील.”

बोल्ट खो खो हसला. नणंद हसली नाही.

पुढच्या सुट्टीला ती अर्धा तास उशिरा आली. सोबत एक तरुणी होती, दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनिस्ट.

“हीच ती, मधाच्या गळ्याची,” नणंद म्हणाली. “मीच फोन करून बोलावलं हिला.”

“वन्सं, अहो...”

“वहिनी, तुमचं नशीब माझ्या गळ्यात का अडकवू? माइक द्या तिला.”

वहिनीचे कान लाल झाले. तरी तिने गिटार गळ्यात घातली. बोल्टने एकदाही वर न बघता ठेका दिला.

मुलगी गायली. एक सूर इकडचा तिकडे नाही. बाहेरची माणसं सभ्यपणे उभी होती. कुणीतरी खोकलं, कुणी फोन काढला. शर्टवाले गृहस्थ दारातून आत डोकावून नणंदेकडे पाहत राहिले.

पहिलं कडवं संपायच्या आधीच मुलगी थांबली.

“दुसऱ्या ओळीत तुमचा आवाज फाटतो ना,” तिने नणंदेला विचारलं, “तिथे मी काय करू? घरी कितीदा करून बघितलं. तुमचं फोनवर फिरणारं रेकॉर्डिंग मी दवाखान्यात रोज लावते. माझ्या तोंडी ते खोटंच वाटतं.”

“मी तिथे काही करत नाही गं. आवाजच तेवढा उरलाय.”

वहिनी काहीतरी बोलणार, तेवढ्यात नणंदेने पदर कमरेला खोचला, पुढे झाली आणि मुलीच्या हातातून माइक काढून घेतला.

“माझ्या मागे उभी राहा,” ती म्हणाली. “दुसऱ्या कडव्यात ये. आणि मला झाकू नकोस.”